न गळणारी बादली

नाना, तुमच्या तेराव्याचं जेवण झालं आणि मी हात धुतोय तोवर वाचनालयाचे दोघे जण बाजूला येऊन उभे राहिले. म्हणाले, मिस्तरी, नानांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतोय, तुम्हीही चार ओळी लिहा. मी म्हटलं, मी दुसरी शिकलेला माणूस, मलाच का विचारता? त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक जण म्हणाला, खांब तुम्हीच उभा केला होता ना.

एवढंच बोलला. पण त्याच्या पोटात काय होतं ते मला कळलं. नऊ वर्षं गावाच्या पोटात तेच आहे. नानांचा बिनतारी यंत्राचा खांब का पडला? मिस्तरीच्या जोडात खोट होती, की नानांनी वजन जास्त टांगलं? चावडीवर त्याचा निकाल लागला, पण चावडीवरचा निकाल वेगळा आणि घरी भाकरी खाताना लोक बोलतात तो वेगळा. ज्या गोष्टीवर माझं नाव उभं आहे, ती गोष्ट तुमच्याशी बोलून पुरी करायची राहिली आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. बोलणं अर्धं टाकून उठायची तुम्हाला सवय नव्हती. म्हणून मला तुमच्या जाण्याचाही संशय येतो.

तुम्ही नरडाण्याच्या स्टेशनावर तारबाबू होता तेव्हापासून मी तुम्हाला ओळखतो. विश्वास ठेवायला मात्र मला फार वेळ लागला. बोटाने टिकटिक करून तुम्ही भुसावळला काय कळवता ते आम्हाला काय कळणार. पेन्शन घेतल्यावर लोक देवाला जातात, नाहीतर गावी जातात. तुम्ही स्टेशनाच्या अलीकडे घर बांधलंत, मागे गोठा घातलात, आणि एक दिवस माझ्या भात्यापाशी येऊन म्हणालात, "मिस्तरी, चाळीस फुटांचा खांब पाहिजे."

"कसाले?"

"बिनतारी यंत्र बसवतोय. सरकारी परवाना आहे."

"बिनतारी शे, तर मंग खांब कसाले?"

"त्याच्यावरून तार ओढायची आहे. ऐंशी फूट."

मी हातोडा खाली ठेवला. बिनतारी म्हणतो आणि ऐंशी फूट तार मागतो. हा माणूस येडा शे, नहीते काहीतरी लपाडी राह्यना, असं मी तुमच्या तोंडावर बोललो. तुम्ही म्हणालात, "दोन्ही असेल. पण खांब सरळ पाहिजे."

साग मी पिंपळनेरच्या बाजूने आणला. खालचे वीस फूट सागाचे, वरचे वीस फूट बांबूचे, मध्ये लोखंडी पट्ट्यांचा जोड. चार बाजूंनी ताणाच्या तारा. खांबाच्या शेंड्यावरून तुमची तांब्याची तार निघायची ती अंगण ओलांडून गोठ्यामागच्या निंबाला जायची. इथे मी तुम्हाला अडवलं होतं. म्हटलं, खांब स्थिर आहे, झाड हलतं. वारा आला की झाड तार ओढणार, एक तर तार तुटणार नाहीतर माझा खांब वाकणार. तुम्हाला वाटलं होतं मला हे सुचणार नाही. तुमचा चेहरा मी बघितला होता. मग तुम्ही खिशातून कागद काढलात. त्यावर उपाय आधीच काढलेला होता. म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेत होता. ते मी विसरलेलो नाही.

उपाय साधा होता. निंबाच्या फांदीला विहिरीवरची कप्पी बांधायची. तारेच्या टोकाचा दोर कप्पीवरून खाली सोडायचा आणि त्याला दगड भरलेली बादली टांगायची. झाड हललं की बादली वरखाली होईल, तारेचा ताण मात्र तेवढाच राहील. खांबाला किती ओढ बसावी ते झाड ठरवणार नाही, बादली ठरवील. मला पटलं, पण मी मान हलवली नाही. तुम्हाला फार आनंद झाला असता.

दगड तुम्ही कापसाच्या जिनमधल्या काट्यावर जोखून आणलेत. सात दगड म्हणजे एका भरल्या घागरीचं वजन. "एवढंच," तुम्ही म्हणालात, "याच्यावर एक दगड नाही." मी सातही दगडांना गेरूचे पट्टे मारले. तुमच्या घरच्या अक्का म्हणाल्या, हे कशाला? मी म्हटलं, उद्या आठवा आला तर ओळखायला. तुम्ही ओट्यावर बसून हसत होता. "धुडकू मिस्तरी, इंग्रजाकडे तुमच्याएवढा संशय असता तर त्याचं राज्य हललं नसतं."

बादली मी केली होती. जिनमध्ये वीस वर्षं मी लोखंड आणि लाकूड दोन्ही केलं आहे, पण या गावात माझं नाव आधी बादलीने झालं. माझी बादली मी भरून कोरड्या धुळीवर ठेवतो. सकाळी खाली टाचणीएवढी ओल दिसली तर ती मी कोणाला देत नाही, ठोकून सपाट करतो. तुमच्यासाठी मोठी केली, अडीच घागरी पाणी मावेल एवढी. दगडांना जागा पाहिजे म्हणून. तुम्ही ती उलटी करून बघितलीत आणि म्हणालात, "छान. आता बुडाला एक भोक पाडा."

नाना, तुम्ही कोकणातले. इतकी वर्षं खान्देशात राहिलात, आमची बोली शिकलात, कळण्याची भाकरी खायला शिकलात, पण हे तुम्हाला कळलं नाही की सुताराला असं सांगू नये. "मना हातनी बादली गयत नही," मी म्हटलं.

"म्हणून तर सांगतोय. गळली पाहिजे. पावसाचं पाणी साठलं तर वजन वाढेल."

"मार्गशीर्षमा पाऊस?"

"कधीतरी येईलच ना."

मग मी तुम्हाला खरं कारण सांगितलं. भोक पाडलेलं भांडं आमच्याकडे एकदाच लागतं. माणूस गेला की मुलगा मडकं खांद्यावर घेतो, त्याला भोक पाडतात, आणि पाणी गळत असताना तो चितेभोवती फिरतो. असलं भांडं तुमच्या अंगणात, तुमच्या डोक्यावर मी माझ्या हाताने टांगू? अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "राहू द्या. पावसाळ्याच्या आधी बघू."

तुम्ही त्या दिवशी एवढ्या लवकर मान्य का केलंत, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तुम्ही वाद सोडणारे नव्हता.

बादली गोठ्याच्या भिंतीलगत यावी हे मीच ठरवलं. गुरांचा धक्का लागू नये म्हणून. छातीएवढ्या उंचीवर, गोठ्याच्या पत्र्यांची पन्हळ जिथे संपते तिच्या बरोबर खाली. कोरडे दिवस. पन्हळीकडे वर बघतो कोण.

मग तुम्ही म्हणालात, रोज जेवढं टांगायचं त्याच्या दुप्पट टांगून बघू. चौदा दगड. आणि मी आमच्या घरची रीत केली. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देताना आम्ही ती दगडांनी भरतो आणि सुतार स्वतः तिच्या आखाखाली, दोन चाकांच्या मध्ये, जाऊन बसतो, एक विडी जळेपर्यंत. आजा बसायचा, बाप बसायचा, मीही बसतो. ज्याला आपल्या कामाखाली बसायची भीती वाटते त्याने ते विकू नये. चौदा दगड टांगले आणि मी खांबाच्या बुडाशी, निंबाच्या बाजूला, म्हणजे पडला तर जिथे पडेल तिथे बसलो. तुम्ही येऊन शेजारी बसलात. मी म्हटलं, तुम्ही उठा, ही सुताराची जागा आहे. तुम्ही म्हणालात, "खांब माझा आहे." आपण दोघं विडी संपेपर्यंत बसलो. जोडातून साधी कुरकुरही आली नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. त्यातच पावसाळा आला. पावसाळ्यात तुम्ही तार उतरवून ठेवायचात, विजेच्या भीतीने, म्हणून बादलीही गोठ्यात पडून राहिली आणि भोकाची गोष्ट कोणी काढली नाही. मी मधून मधून येऊन दगड मोजायचो. तुम्ही यंत्रापाशी बसलेले असायचात. भिंतीवर लांबच्या मुलखांतून आलेली कार्डं चिकटवलेली. सिलोनचं एक, आफ्रिकेचं एक. कोणत्याही कार्डावर तुमचं नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. मी विचारलं होतं, माणसाला बापाने ठेवलेलं नाव असताना आकड्यांनी कशाला बोलायचं? तुम्ही म्हणालात, परवान्याचा नियम आहे. मला ते पटलं नाही, अजूनही नाही. पण एकदा तुम्ही माझ्या कानाला ते ऐकायचं लावलंत. कुठल्या तरी समुद्रापलीकडून टिकटिक येत होती आणि तुम्ही हळूच सांगत होता, "तो म्हणतोय, तुमचा आवाज आज स्वच्छ येतोय. खांब बरा दिसतो." मी विचारलं, खांबाचं खरंच म्हणाला का? तुम्ही म्हणालात, हो. ते तुम्ही माझ्या खुशीसाठी बोललात की काय, हे मला कधी कळलं नाही.

गावाला तर खांबाचा संशय होताच. श्रावण कोरडा गेला तेव्हा बाया म्हणायला लागल्या, "या काठीनी बठ्ठा पाऊस वढी लिधा." पाटील आबा स्वतः येऊन खांबाला हात लावून गेले. शॉक बसतो का बघत होते.

आणि मग पौषात, कपाशीचे ढीग अंगणात पडलेले असताना, भर दुपारी ढग आले. मी जिनमध्ये होतो. दोन तास नुसता धो धो अवकाळी पाऊस. वारा म्हणाल तर फार नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होतो. तुम्ही विजेच्या भीतीने तार सोडवायला अंगणात आलात, आणि जोडापासून बांबू मोडला. शेंडा निंबाच्या दिशेने आला, पट्ट्यांसकट, आणि तुमच्या उजव्या मनगटावर पडला.

मी आलो तेव्हा तुम्हाला ओट्यावर आणलं होतं. मी आधी तुमच्याकडे बघितलं नाही, नाना. आज कबूल करतो. मी आधी गोठ्याकडे गेलो. बादली आडवी पडलेली. सगळीकडे चिखल. दगड विखुरलेले. मी चिखलात बसून मोजले. सातच. सातही गेरूचे. पुन्हा मोजले. मग तुमच्याकडे आलो. तुमचा हात मनगटापासून खाली वेगळ्याच बाजूला वळला होता आणि मी तुम्हाला पहिलं काय विचारलं? "नाना, बाकीचे दगड कोठे टाकात?"

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, पकडला.

आठ दिवसांत गावात बोलणं सुरू झालं. मिस्तरीचा जोड उघडला. तुम्ही बाहेरचे, म्हणून तुम्हाला कळायला उशीर लागला असेल की मला त्याची एवढी आग का झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक जोडतात, त्यांवर माणसं मावतील तेवढी चढतात, आणि भगत त्या ओढतो. गाड्यांची जोड बांधायचा मान माझ्या आज्यापासून आमच्या घरचा. एक जोड सुटली तर माणसं चाकाखाली. ज्याचा खांब पडला त्याच्या हातात बारागाड्या कशा द्यायच्या? पाटील आबांनी चावडीवर बोलावणं पाठवलं. तुम्हालाही.

तुम्ही हात गळ्यात बांधून आलात. आबांनी विचारलं, "नाना, साफ सांगा. काठी का पडनी?"

"वजन जास्त झालं, आबा. खांबाला पेलेल त्याच्यापेक्षा जास्त."

"आनि मिस्तरीना जोड?"

"जेवढं वजन ठरलं होतं तेवढ्याला तो चोख होता. दुप्पट टांगून आम्ही दोघं खाली बसलो होतो."

"मंग वजन कोणी वाढावं?"

"बादली माझ्या अंगणात होती," तुम्ही म्हणालात. "दोष माझाच."

चावडी उठली. आखाजीच्या गाड्या माझ्याकडेच राहिल्या. त्या वर्षीही आणि पुढेही, नऊ वर्षं. मी ताठ मानेने घरी आलो. पण रस्त्यातच किडा शिरला. जो माणूस दगड काट्यावर जोखतो, चहात साखर मोजून घालतो, तो चौदाच्या वर दगड का टाकेल? आणि टाकले तर मोडक्या हाताने, चिखलात, मी यायच्या आत उचलले कसे? मला वाटलं, यात दुसरंच काही आहे. परवान्याच्या बाहेरचं काही शेंड्यावर चढवलं असेल, तेही खाली काढून लपवलं असेल. म्हणून एवढ्या मुकाट्याने दोष घेतला.

मोडलेला जोड मी घरी नेऊन ठेवला. पुरावा म्हणून. आणि तुम्हाला सोडलं नाही. स्टेशनावर चहाला भेटलात की मी विचारायचो, "काय नाना, आज किती दगड?" लोक हसायचे. तुम्हीही हसायचात आणि डाव्या हाताने कप उचलायचात. मनगट वाकडं बसलं होतं. टिकटिक तुम्ही डाव्या हाताने शिकलात, दुसऱ्या छोट्या काठीवर तार बांधून. अक्का सांगायच्या, पहिले काही महिने पलीकडचे लोक तुम्हाला ओळखत नव्हते. हाताची ढब बदलली म्हणून त्यांना वाटायचं, हा दुसराच कोणी बोलतोय. तेही संशयीच निघाले. मग लढाई लागली. फौजदार येऊन यंत्र धुळ्याला घेऊन गेला आणि तुमच्या घरात काही वाजायचं बंद झालं.

या पौषात तुम्ही आलात. खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं. लढाई संपली, आता परवाना परत मिळेल म्हणे. "मिस्तरी, मोठा खांब पुन्हा उभा करू."

मी रंधा थांबवला नाही. म्हटलं, "करू. पण आधी आकडा सांगा. त्या दिवशी किती दगड जास्त होते?"

"ते राहू द्या आता."

"नऊ वरीस राहू दिधं. आकडा सांगा."

लाकडाचा भुसा तुमच्या वहाणांवर पडत होता. मग म्हणालात, "दगडांचा आकडा माझ्याकडे नाही, धुडकू." मिस्तरी नाही, धुडकू म्हणालात. मी म्हटलं, ज्याच्याकडे आकडा नाही त्याच्यासाठी मी खांब उभा करत नाही. तुम्ही भेंडोळं उचललंत आणि गेलात. दारापाशी वळून म्हणालात, "उभा करा. मग सांगतो."

मला वाटलं, ही तुमची युक्ती आहे. चार दिवसांनी कळलं नानांना ताप आहे. मी आलो नाही. आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून बोलावतील आणि खांबाचं कबूल करून घेतील, असा मी हिशेब केला. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

घाटावर तुमच्या पुतण्याने मडकं खांद्यावर घेतलं. भोक पाडलं. तो फिरायला लागला आणि पाण्याची बारीक धार त्याच्या मागे मातीत पडत गेली. मी ती धार बघत होतो, नाना. तुम्ही म्हणाला होता, गळली पाहिजे. मला तुमच्या अंगणातला चिखल आठवला. सगळीकडे चिखल होता, पण बादलीच्या जागी नुसता चिखल नव्हता, डबकं होतं. मी त्यात गुडघे टेकून दगड मोजले होते.

मी लगेच तो विचार झटकला. मी असल्या गोष्टी पुराव्याशिवाय मानत नाही, स्वतःबद्दल तर मुळीच नाही.

दहाव्याला अक्कांनी मला गोठ्यात बोलावलं. "मिस्तरी, तुमची बादली घेऊन जा. त्यांनी सांगून ठेवलं होतं." मी ती उजेडात उलटी केली. बुडाला भोक. कडा वेड्यावाकड्या, तीन ठिकाणी खिळा घसरल्याच्या खुणा.

"अक्का, मनी बादलीले भोक कोणी पाडं?"

"त्यांनीच. हात गळ्यात होता तेव्हाच, डाव्या हाताने. दोन दिवस ठोकत होते. मी म्हटलं, मिस्तरीला बोलवा, तर म्हणाले, त्याला तेवढं सोडून काहीही सांग."

"त्याहीसले ठाऊक व्हतं? पाण्यानं पडना ते?"

"पडायच्या आधी त्यांनी बादली बघितली होती. काठोकाठ भरलेली, पन्हळीची धार तिच्यात पडत होती. तार सोडवायला कशाला धावले होते मग? विजेचं लोकांना सांगितलं."

मी बादली खाली ठेवली. विचारलं, मग मला का नाही सांगितलं? नऊ वर्षं मी त्यांना चारचौघांत टोचत होतो.

अक्का म्हणाल्या, "मीही विचारायची. म्हणायचे, त्याला कळलं तर तो बारागाड्यांना पुन्हा हात लावणार नाही. गाव काढून घेणार नाही, तोच सोडून देईल. आणि त्याच्याइतकी चांगली जोड कोणी बांधत नाही."

तरी मी मानलं नाही. अक्का बाईमाणूस, नवऱ्याची बाजू घेणार. मी बादली जिनमध्ये नेली. भोकाला मेण लावलं, तेच सात दगड घातले, गेरू अजून होता, आणि काठापर्यंत पाणी भरून काट्यावर टांगली. ठरलेल्या वजनाच्या तिप्पट. दुप्पट आपण बघितलं होतं, नाना. तिप्पट बघितलं नव्हतं. मी तीन वेळा जोखलं. काट्यावरचा माणूस म्हणाला, मिस्तरी, पाणी काय इकनं शे का?

घरी येऊन मोडका जोड काढला. पुरावा म्हणून ठेवलेला. लाकूड निंबाच्या बाजूला वाकून फाटलं आहे, म्हणजे ओढ बादलीचीच होती. ते मी नऊ वर्षं रोज बघत होतो.

आता तुम्हाला मी काय म्हणू? तुम्ही चावडीवर खोटं बोलला नाहीत, एकेक शब्द मी आता पुन्हा तपासला. वजन जास्त झालं, खरं. बादली तुमच्या अंगणात होती, खरं. दोष माझाच, हेही तुम्हाला खरंच वाटत असेल, भोकाचा हट्ट सोडला म्हणून. मला मात्र एका गोष्टीचा राग आहे आणि तो मी गिळणार नाही. तुम्ही माझं नाव राखलंत की मला कमी लेखलंत? धुडकूला खरं पेलणार नाही, असं तुम्ही एकट्याने कसं ठरवलंत? माझ्यावर किती वजन टांगायचं तेही तुम्हीच जोखलंत. आधी दुप्पट टांगून तर बघायचं होतं.

आणि खरं सांगू, तुमचं माप चुकलं नसेल. त्या वर्षी सांगितलं असतं तर मी गाड्या सोडल्या असत्या आणि तुमच्याशी बोलणंही सोडलं असतं. नऊ वर्षं स्टेशनावरचा चहा झाला, तो झाला नसता. तुम्ही टोमणे ऐकून घेतलेत म्हणून तो झाला. याबद्दल आभार मानायची मला सवय नाही. हे वाचाल तिथे समजून घ्या.

परवा मी खांब उभा केला. सागाचा खालचा भाग तुमच्या गोठ्यातच होता, वर नवा बांबू, नवा जोड. जिनमधले चार हमाल आले. तुमचं तारेचं भेंडोळं अक्कांनी काढून दिलं. यंत्र नाही, टिकटिक करणारा नाही. हमाल विचारत होते, आता कोणासाठी? मी सांगितलं नाही.

बादली टांगली, तिथेच, पन्हळीच्या खाली. सात दगड. भोक मी नीट करणार होतो, कडा घासून गोल. मग तसंच ठेवलं, तुमच्या डाव्या हाताचं.

हे पुस्तक आखाजीच्या आधी निघणार आहे. पाटील आबांना मी सांगून आलो, छापून आलं की गावाला चावडीवर वाचून दाखवा, आणि यंदा गाड्यांची जोड कोणाला द्यायची ते मग ठरवा. आबा म्हणाले, "येडा व्हयना का? कोणी इचारं तुले?" कोणी विचारलं नाही, खरं आहे. मी स्वतःहून सोडत नाही, एवढं ध्यानात घ्या. नाहीतर तुम्ही म्हणाल, बघा, मी म्हणालो होतो. गावाने दिली तर बांधीन.

मग मी खांबाच्या बुडाशी, निंबाच्या बाजूला बसलो आणि विडी पेटवली. शेजारची जागा मोकळी ठेवली. अक्कांना म्हटलं, वता. त्यांनी पहिली घागर बादलीत ओतली, दुसरी ओतली. खांब जरा ओढला गेला, तार गुणगुणली, आणि बुडातून धार लागली. माझ्या हातची बादली चारचौघांत गळत होती आणि हमाल बघत होते. पाणी उतरत गेलं तसा खांब सरळ झाला.

विडी संपली. अक्का म्हणाल्या, "उठा आता, मिस्तरी. झालं ना?"

मी म्हटलं, "आखो एक घागर वता, अक्का."